६१७४ आणि ‘काहून?’

देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्यावर मराठीत जे लेख येतात, त्यांत बहुधा एकच गोष्ट असते. चार अंकी संख्या घ्या. सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, खाली चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया. १९४७ पासून निघालो तर ८२६२, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. मग ६१७४ च येत राहते. कोणतीही संख्या घेतली तरी सात पायऱ्यांच्या आत हेच. इथे लेखक ‘संख्यांचे जादूगार’ म्हणून हात जोडतो आणि लेख संपतो.

आमची तक्रार या शेवटाबद्दल आहे. तशी ती आमच्या स्वतःबद्दलही आहे. मूर्तिजापूरच्या एका शाळेत सातवीच्या मुलांपुढे आम्ही हा खेळ मांडला, तेव्हा बेत टाळ्या मिळवण्याचाच होता. टाळ्या मिळाल्याही. पण मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘‘पण सर, असं काहून होते?’’

तयार उत्तर आमच्यापाशी नव्हते. वेळ मारून नेण्यासाठी म्हणालो, आधी तीन अंकी करून पाहू. मुलांनी फळा भरून वजाबाक्या केल्या. १९८, २९७, ५९४, ६९३... ‘मधात नेहमी ९ येते,’ एकजण म्हणाला. मग कुणाला दिसले की कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ च. मधला अंक दोन्ही ओळींत दशकस्थानीच असतो, म्हणून तो वजाबाकीत उडून जातो. उरते ती मोठ्यातल्या मोठ्या आणि लहानातल्या लहान अंकाच्या फरकाची ९९ पट. फरक १ ते ९. म्हणजे पहिल्याच वजाबाकीनंतर शक्यता उरतात फक्त नऊ! त्या नऊ तपासल्या की सगळ्या ४९५ वर येऊन थांबतात. तास संपला तेव्हा वर्गाकडे पुरी सिद्धता होती. चार अंकांचे गणित असेच, फक्त लांब: तिथे ५४ शक्यता तपासाव्या लागतात.

इंग्रज गणिती जी. एच. हार्डी यांना हे पटले नसते. ‘ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ (१९४०) या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ ही उदाहरणे येतात. पहिली २१७८ च्या चौपट, दुसरी १०८९ च्या नऊपट. दोन्ही आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत. कोड्यांच्या सदराला ठीक, गणित्याला त्यात काही नाही, असा हार्डींचा निवाडा. कारण अशा गोष्टींतून व्यापक असे काही निघत नाही.

हार्डींची कसोटी आम्हांला मान्य आहे. दहाच्या पायावर लिहिण्याची सवय आपली आहे, संख्येची नव्हे. पण मग ती कसोटी लावून तर पाहावी! आठच्या पायावर हाच तीन अंकी खेळ ३७४ वर थांबतो. पाया कोणताही सम घ्या, एक स्थिर संख्या मिळतेच, आणि तिच्या शतकस्थानी पायाच्या निम्म्यातून एक वजा केलेला अंक असतो: दहाला ४, आठला ३. पाया विषम असेल तर स्थिर संख्या नाहीच. दोन संख्या एकमेकींकडे बोट दाखवत फिरत राहतात. म्हणजे ४९५ च्या मागे एक नियम उभा आहे. तो फार खोल नाही, हेही कबूल. त्यावर गणिताची नवी शाखा निघणार नाही.

हार्डी हाती आलेला निष्कर्ष तोलतात, तो मिळवताना फळ्यापुढे काय घडते ते पाहत नाहीत. विद्यापीठातल्या संशोधकाला ते चालेल. शिक्षकाला कसे चालावे? आमचे जादूगारवाले लेखकही तेच करतात, फक्त तुच्छतेऐवजी भक्तीने. कापरेकरांनी १९४९ मध्ये ६१७४ ची गोष्ट मांडली, ती वर्षानुवर्षे वजाबाक्या करण्याच्या नादातून. तो नाद आमच्या लेखांत कुठेच दिसत नाही.

त्या मुलीने जाताना आणखी एक वही पुढे केली. दोन अंकी संख्या तिने घरी करायला घेतल्या होत्या: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९. ‘‘हे तर थांबतच नाही सर.’’