कवटी, बेड्या आणि आजारी माणूस

दरवर्षी 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळांतून लागणारी भित्तिचित्रे आपण पाहिली असतील. कवटी, सुई आणि बेड्या! हेतू चांगला आहे. विज्ञान मात्र कच्चे आहे, असे आम्हाला वाटते.

'एकदा अडकला की सुटका नाही' हे त्यांवरचे ठरलेले वाक्य. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांची पाहणी ली रॉबिन्स यांनी 1970 च्या दशकात केली. तेथे हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेलेल्यांपैकी, मायदेशी परतल्यावर तीन वर्षांत पुन्हा व्यसनात अडकले ते सुमारे 12 टक्केच. रसायन तेच, परिस्थिती बदलली. म्हणून हेरॉइन निरुपद्रवी ठरत नाही. पण व्यसनाचे मूळ केवळ पुडीत नसते, एवढे कळते.

बेड्यांचे काय? पोर्तुगालमध्ये 2001 पासून स्वतःपुरता साठा जवळ बाळगणे फौजदारी गुन्हा नाही. विक्री गुन्हाच आहे. जोडीला उपचार वाढवले. सुयांमधून होणारी एचआयव्हीची नवी लागण पुढे खूप घटली. यात कायद्याचा वाटा किती आणि उपचारांचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

आपल्या 1985 च्या कायद्यात सेवनाला शिक्षा आहे. पण स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला 64-अ कलमाने खटल्यापासून संरक्षणही दिले आहे. हे कलम आम्हाला एकाही भित्तिचित्रावर दिसले नाही.

ज्या विद्यार्थ्याचा भाऊ व्यसनात आहे, तो कवटी पाहून गप्पच बसणार. पुढच्या वर्षी बेड्यांच्या जागी जवळच्या उपचारकेंद्राचा पत्ता लिहून पाहावा.