कसब आणि बुद्धी : एका संज्ञेची चिकित्सा

हॉवर्ड गार्डनर यांचा ‘फ्रेम्स ऑफ माइंड’ हा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये मांडलेल्या एकसंध, सर्वसाधारण बुद्धीच्या कल्पनेला छेद देऊन गार्डनर यांनी भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, अवकाशीय, शारीर-गतिज, आंतरव्यक्तिक आणि अंतर्व्यक्तिक अशा सात बुद्धी कल्पिल्या. निसर्गविषयक बुद्धीची भर पुढे पडली. या सिद्धान्तावरील मानसमापनशास्त्राचा आक्षेप परिचित आहे. निरनिराळ्या चाचण्यांतील गुणांमध्ये धन सहसंबंध आढळत असेल, तर या बुद्धी परस्परांपासून स्वतंत्र कशा मानायच्या? आक्षेप गंभीर आहे. परंतु साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने अधिक मूलगामी प्रश्न संज्ञेचा आहे.

रूढ भाषेत ज्याला कौशल्य म्हटले जाते, त्याला गार्डनर यांनी जाणीवपूर्वक ‘बुद्धी’ म्हटले. सात कौशल्यांविषयी लिहिले असते, तर ग्रंथाकडे एवढे लक्ष गेले नसते, अशा आशयाची कबुली त्यांनीच दिली आहे. म्हणजे हे नामकरण निव्वळ वर्णन नसून मूल्यनिर्णय आहे. मराठीत तर ही सीमारेषा अधिकच ठळक दिसते. ‘कसब’ हाताचे, ‘बुद्धी’ डोक्याची. कारागीर आणि मासेमार यांच्या वाट्याला पहिला शब्द येतो, लेखन-वाचन करणाऱ्यांच्या वाट्याला दुसरा. श्रमाची जी उतरंड जातिव्यवस्थेने रचली, तिचेच प्रतिबिंब या शब्दविभागणीत पडले आहे.

वरळी कोळीवाड्याच्या अलीकडच्या इतिहासात या विभागणीची कसोटी लागली. सागरी किनारा मार्गाच्या मूळ आराखड्यात क्लीव्हलँड बंदरातून होड्या जिथून ये-जा करतात, तेथील खांबांमधील अंतर ६० मीटर होते. वारा, लाटा आणि प्रवाह यांचा एकत्रित विचार करता एवढ्या अंतरातून होडी सुरक्षित नेता येणार नाही, हे मच्छीमारांचे म्हणणे होते. प्रशासनाच्या लेखी ते अंतर पुरेसे होते. विरोधामुळे २०२१ मध्ये काम अडले आणि डिसेंबर २०२२ मध्ये अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय जाहीर झाला. येथे ध्यानात घ्यायचे ते असे की, मच्छीमारांचे विधान प्रथम ‘मागणी’ म्हणून नोंदले गेले. ‘अनुमान’ म्हणून नव्हे. एका बाजूकडे तज्ज्ञता, दुसरीकडे गाऱ्हाणे, अशी ही मांडणी होती.

गार्डनर यांच्या सिद्धान्ताने ही मांडणी बदलते काय? अंशतःच. कॅरोलाइन बेटांपैकी पुलुवत येथील नाविकांचा दाखला ते अवकाशीय बुद्धीसाठी देतात. परंतु खांबांमधून होडी काढणारा तांडेल केवळ अवकाश वाचत नाही. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त बुद्धीचे स्मृती, मती आणि प्रज्ञा असे तीन प्रकार मानले, त्यांचे विषय अनुक्रमे गत, वर्तमान आणि अनागत. पाण्याखालच्या खडकाची आठवण, या क्षणीच्या वाऱ्याची जाण आणि पुढच्या लाटेचा अंदाज ही तिन्ही अंगे तांडेलाच्या एकाच कृतीत एकवटतात. कवीसाठी केलेली ही विभागणी तांडेलालाही लागू पडते, याचे कारण तिचे निकष काळाचे आहेत, व्यवसायाचे नाहीत. शिवाय उधाण आणि भांग यांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या भाषेतून चालत आलेला असतो. तो एका व्यक्तीच्या मेंदूत शोधणे अपुरे ठरते.

गार्डनर यांच्या व्याख्येनुसार एखाद्या संस्कृतीत मोलाचे ठरणारे प्रश्न सोडवण्याची क्षमता म्हणजे बुद्धी. एकाच शहरात दोन संस्कृती असतील आणि मोल ठरवण्याचा अधिकार एकीकडेच असेल, तर काय, याचे उत्तर या व्याख्येत नाही.

म्हणून पात्रांना बुद्धीच्या प्रकारांची लेबले चिकटवण्याने समीक्षेचे काम संपत नाही. कोळी, शेतकरी वा कारागीर यांच्याविषयीच्या कथनात त्यांचा निर्णय कारणांसह येतो की ‘उपजत जाणीव’ म्हणून, हे तपासावे लागेल. लेखक जेथे ‘उपजत’ लिहितो, तेथे बहुधा एखादे अनुमान लिहायचे राहून गेलेले असते.