शाश्वत विकासाची संकल्पना : गोव्यातील लोहखनिज निर्यातीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

भावी पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता वर्तमान पिढीच्या गरजा भागविणारा विकास तो शाश्वत विकास, अशी मांडणी १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने केली. १९९२ च्या रिओ परिषदेनंतर ही संकल्पना सर्वमान्य झाली. आज ती शासकीय धोरणांत तसेच कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतही आढळते. सर्वांनाच मान्य होणारी संकल्पना कोणालाच न बांधणारी तर ठरत नाही ना, हा प्रश्न प्रस्तुत लेखात गोव्यातील लोहखनिज निर्यातीच्या आधारे तपासला आहे.

बाजारपेठ दूरची, जमीन गावाची :

पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेली ही निर्यात दीर्घकाळ प्रामुख्याने जपानकडे होत असे. २००० नंतर चीनच्या पोलाद उद्योगाची मागणी वाढली आणि पूर्वी टाकाऊ समजल्या जाणाऱ्या कमी प्रतीच्या खनिजालाही ग्राहक मिळाला. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून, कर्नाटकातील मालासह, ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. एक टन खनिजामागे सुमारे अडीच ते तीन टन माती उपसावी लागते. डिचोली, सत्तरी, सांगे व केपे तालुक्यांत तिचे डोंगर उभे राहिले. पावसाळ्यात हा गाळ ओहोळांत आणि भातशेतीत उतरला. भूजलपातळीखाली गेलेल्या खाणींतून पाण्याचा उपसा झाल्याने परिसरातील विहिरी व झरे आटले, कुळागरांचे पाणी तुटले. अर्थशास्त्र यास 'बाह्य खर्च' म्हणते. बाजारपेठेच्या दृष्टीने तो बाह्य असेलही. गावाच्या दृष्टीने मात्र तो घरातलाच असतो.

न्यायालयीन हस्तक्षेप व त्याच्या मर्यादा :

शाह आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये खनन थांबले. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २००७ नंतरचे खनन बेकायदेशीर ठरविले, वार्षिक उत्खननावर २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीमूल्याचा १० टक्के हिस्सा आंतरपिढीय न्यायासाठी कायमस्वरूपी निधीत जमा करण्याचा आदेश दिला. खनिज हे उत्पन्न नसून भांडवल आहे, हा विचार त्यामागे आहे आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु निधी पैशांची भरपाई करू शकतो. आटलेला झरा तो परत आणू शकत नाही. म्हणून या निकालातील निधीपेक्षा मर्यादेचे कलम अधिक मूलगामी मानावे लागते.

यावर रोजगाराचा आक्षेप घेतला जातो. तो दुर्लक्षिता येत नाही, कारण बंदीची झळ खाणकामगारांना आणि कर्ज काढून ट्रक घेणाऱ्या कुटुंबांना बसली. तथापि, २०१५ मध्ये खनन पुन्हा सुरू झाले तेव्हा जागतिक बाजारात भाव कोसळलेले होते. म्हणजे ही उपजीविका केवळ न्यायालयावर नव्हे, तर परदेशातील भावावरही टांगलेली होती. ज्या वेगाने शेती बुडाली, त्याच वेगाने रोजगारही फुगला आणि ओसरला. पर्यावरण विरुद्ध रोजगार हे द्वंद्व म्हणूनच फसवे आहे. दोहोंचा विरोध आहे तो अमर्याद वेगाशी.

निष्कर्ष :

२०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि २०२२ मध्ये लिलाव सुरू झाले. लिलावामुळे सार्वजनिक संपत्तीला अधिक रास्त मूल्य मिळू शकेल. पण किती खणावे, याचे उत्तर लिलाव देत नाही. ते उत्तर त्या खोऱ्यातील पाणी, माती आणि तेथील ग्रामसभांचे मत यांवरून ठरले पाहिजे. 'किती' या प्रश्नाला अंक न देणारी शाश्वत विकासाची भाषा केवळ शिष्टाचार ठरते. अभ्यासकांनी या संकल्पनेची व्याख्या शिकविताना तिची मर्यादा कोण, कोठे व कशाच्या आधारे ठरवतो, हेही शिकविणे अगत्याचे आहे.