शेजारच्याच्या नजरेतला सुपरमॅन

'सुपरमॅन जिंकेल की स्पायडरमॅन?' येलदरीच्या धरणावर मित्रांशी हा वाद मी कितीदा घातलाय. १९७६ साली डीसी आणि मार्व्हल या कट्टर स्पर्धकांनी दोघांना एकाच कॉमिकमध्ये आणलं. वाचून मी हिरमुसलो. आधी गैरसमज, मग मारामारी, मग दोस्ती. स्पायडरमॅन टिकावा म्हणून लेक्स लूथर त्याच्यावर किरण सोडतो! आपला हिरो हरलेला दोन्ही कंपन्यांना चालणार नव्हता. मग धाकधूक कसली?

२००३-०४ च्या 'जेएलए/ॲव्हेंजर्स'नं मात्र मला धरून ठेवलं. लेखक कर्ट ब्युसिक, चित्रकार जॉर्ज पेरेझ. मारामारी इथंही आहे, पण खरी टक्कर नजरेची. मार्व्हलचं जग पाहून सुपरमॅन चिडतो: एवढी ताकद असून यांनी जगाची ही अवस्था होऊ दिली? उलट डीसीच्या जगात लोक हिरोंना देवासारखं पुजतात, हे कॅप्टन अमेरिकेला खटकतं. दोघांचंही थोडं खरं, थोडं चूक.

धरणापलीकडे हिंगोली जिल्हा. तिकडचे पाहुणे आमच्या गावाबद्दल असंच काहीतरी बोलून जातात. राग येतो, पण रात्री तेच आठवत राहतं. क्रॉसओव्हरनं एवढं तरी करावं.