स्वस्त कॅमेऱ्याचा स्वभाव

दिवाळीच्या सुमारास हातात चार पैसे आले की कोणाला पैठणी आठवते, कोणाला सोन्याचे वळे. अलीकडे मात्र पुष्कळ घरांतून एक निराळीच मागणी ऐकू येते. घरातला विशी-बाविशीचा मुलगा म्हणतो, "मला कॅमेरा घेऊन द्या, मला चित्रपट काढायचा आहे." काही घरांत हेच मुलगी म्हणते. वडील विचारतात, "केवढ्याला पडतो?" मग आकड्यांची माळ सुरू होते. हा 'फोर-के' आहे, तो नाही; ह्यात सेकंदाला साठ चित्रे निघतात, त्यात तीसच. वडिलांना ह्यातले अक्षर कळत नाही. मुलाला आकडे पाठ असतात, पण पाठ असणे आणि समजणे ह्यांतले अंतर कोणाही मास्तराला ठाऊक असते. जाणारे पैसे मात्र खरे असतात, आणि त्या पोराची उमेदही खरी असते.

म्हणून ह्या प्रश्नाचा विचार दुकानातल्या पत्रकावरून न करता, असले कॅमेरे ज्यांनी प्रत्यक्ष वापरले त्यांच्या चित्रपटांवरून करावा, असे मला वाटते. चित्राची साक्ष अखेर पडद्यानेच द्यायची असते.

ह्या बाबतीत दोन मते प्रचलित आहेत. एक म्हणजे कॅमेरा जितका महाग तितके चित्र चांगले. हे मत दुकानदाराच्या सोयीचे आहे, इतके म्हटले की पुरे. दुसरे मत अधिक भारदस्त आहे: कॅमेऱ्यात काय ठेवले आहे? नजर पाहिजे! सभेत ह्या वाक्याला टाळ्या पडतात. परंतु हे अर्धसत्य आहे, आणि पोरांचे नुकसान बहुधा त्यानेच होते. कादंबरी टाकाने लिहिली काय अन् पेन्सिलीने लिहिली काय, शब्द तेच राहतात. कॅमेऱ्याचे तसे नाही. समोरच्या उजेडातला कोणता भाग ठेवायचा आणि कोणता टाकून द्यायचा, हे तो आपल्या मगदुराप्रमाणे ठरवीत असतो. महागडा कॅमेरा बरेचसे ठेवतो. स्वस्त कॅमेरा काहीतरी हटकून टाकतो. तो नेमके काय टाकतो, ह्यालाच मी त्याचा स्वभाव म्हणतो.

डेन्मार्कच्या थॉमस व्हिंटरबर्गचा 'फेस्टेन' हा 1998 सालचा चित्रपट घ्या. वडिलांची साठी आहे, सगे-सोयरे जमले आहेत, आणि भर पंक्तीत थोरला मुलगा उठून घरात वर्षानुवर्षे दडवलेले पाप बोलून दाखवतो. हे सारे हातात मावणाऱ्या एका घरगुती मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर टिपलेले आहे. त्या जातीच्या कॅमेऱ्याचे चित्र युरोपात 720 गुणिले 576, म्हणजे सुमारे 4 लाख 15 हजार ठिपक्यांचे असे. आजच्या 'फोर-के' चित्रात 83 लाखांच्या आसपास ठिपके असतात, म्हणजे वीसपट. अंधारात ते चित्र रवाळ होते, चेहऱ्यांच्या कडा विरतात. पण पाहणाराला वाटते, जमलेल्या पाहुण्यांपैकीच कोणी हे टिपतो आहे आणि आता त्यालाही कॅमेरा खाली ठेवता येत नाही. साठीच्या समारंभाला घरगुती कॅमेरा शोभतो. दोष लपलेला नाही. त्याला गोष्टीत जागा मिळाली आहे. त्या वर्षी कान महोत्सवात ह्या चित्रपटाला परीक्षक-मंडळाचे पारितोषिक विभागून मिळाले.

ह्यावरून "कोणताही कॅमेरा चालतो" असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. 'फेस्टेन'चाच छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल ह्याने 2002 साली डॅनी बॉइलसाठी '28 डेज लेटर' टिपला, तोही मुख्यतः मिनी-डीव्हीच्या कॅननवर. ओस पडलेले लंडन दाखवायचे होते. पहाटे रस्ते थोडाच वेळ अडवता येत. तेवढ्यात अनेक लहान कॅमेरे मांडून काम उरकता आले. जवळचे चेहरे आणि धावपळ ह्यांत त्या ओबडधोबड चित्राने भय वाढवले. पण शहराचा दूरचा देखावा आला की चार लाख ठिपक्यांत हजार खिडक्या कशा मावणार? त्या पुसट होतात. दिग्दर्शकाला हे ठाऊक होते. शेवटी माणसे हिरव्या मोकळ्या रानात येतात आणि आशा दिसू लागते, तो भाग त्याने 35 मिलिमीटरच्या फिल्मवर घेतला. आपले हत्यार कुठे बोथट आहे हे ओळखणे हीच नजर. ह्याच दोघांनी 2025 सालच्या '28 इयर्स लेटर'चा बराच भाग आयफोनवर घेतला, परंतु त्या फोनला जोडलेली भिंगे आणि भोवतालचा सरंजाम पाहिला तर त्याला घरगुती म्हणवणार नाही.

2008 साली कॅननचा '5डी मार्क टू' आला आणि गरीब चित्रपटवाल्यांचे नशीब उघडले. वास्तविक हा फोटोचा कॅमेरा. चलच्चित्राची सोय ही जोड होती. बाजारात आला तेव्हा भिंगावाचून त्याची किंमत 2,700 डॉलरच्या घरात होती. ह्याचा सेन्सर, म्हणजे उजेड झेलणारा तुकडा, 36 गुणिले 24 मिलिमीटरचा, चांगला ऐसपैस. त्यामुळे चेहरा रेखीव आणि मागचे सारे धूसर, असे पूर्वी थोरामोठ्यांनाच परवडणारे चित्र कोणालाही मिळू लागले. पण स्वभाव इथेही होताच. त्याच्या सेन्सरवर 2 कोटी 11 लाख ठिपके. त्यांतल्या मधल्या ओळी गाळून तो 20 लाखांचे चलच्चित्र बनवी. त्यामुळे बारीक चौकड्यांचे लुगडे किंवा दूरचे कौलारू छप्पर आले की त्यावर इंद्रधनुषी लाटा धावू लागत. चित्र वरून खाली ओळीओळीने वाचले जाई. म्हणून कॅमेरा झटकन फिरवला की उभे खांब तिरके होत. प्रत्येक रंगाला 256 छटा. तेवढ्यात संध्याकाळच्या आकाशाचा उतरता रंग सलग न दिसता पायऱ्यापायऱ्यांचा दिसे.

ह्याच 5डी कुळातल्या कॅमेऱ्यावर आसामच्या रीमा दासने 'व्हिलेज रॉकस्टार्स' (2017) टिपला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन सारे तिचेच. गाव तिचे छयगाव, मुले गावातलीच. धुनू नावाच्या दहा वर्षांच्या पोरीला गिटार हवी असते, एवढीच गोष्ट. इथे यंत्राचा आणि विषयाचा मेळ पाहण्याजोगा आहे. पावसाळी आभाळाचा मऊ उजेड, पुराच्या पाण्यावरचे प्रतिबिंब, झाडावर चढून बसलेली पोरे: कॅमेऱ्याला न झेपणारे भगभगीत ऊन तिने टाळले आणि त्याला साधणारी सांजवेळ धरली. दिव्यांचा ताफा नाही, मोठी मंडळी नाही. म्हणून पोरे कॅमेऱ्यापुढे बुजत नाहीत. ह्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्याबरोबरच जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचेही मिळाले, ही गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. प्रेक्षक रवाळ चित्र सोसतो. न ऐकू येणारे वाक्य सोसत नाही.

अमेरिकेतल्या शॉन बेकरने 'टँजरिन' (2015) हा चित्रपट तर आयफोन 5-एसवर घेतला. फोनचा सेन्सर नखाएवढा. मागचे धूसर करणे त्याला जमत नाही, अंधार सोसत नाही. बेकरने त्याला लॉस एंजेलिसच्या रणरणत्या उन्हात नेले, पडदा रुंद करणारे जोडभिंग लावले, उजेड स्थिर धरणारे ॲप घातले आणि मागाहून रंग मुद्दाम भडक केले. रस्त्यावर जगणाऱ्या दोन तृतीयपंथी मैत्रिणींच्या त्या भांडकुदळ, उफाळत्या कथेला तो नारिंगी भडकपणा साजून दिसतो. रीमा दासचे गाव ह्या फोनने टिपले असते तर त्याची हळुवारता हरवली असती. आणि बेकरची गोष्ट मऊ धूसर चित्रात गुळमुळीत झाली असती. मग दोहोंपैकी कोणता कॅमेरा श्रेष्ठ? ह्या प्रश्नाला गोष्टीवाचून अर्थ नाही. पुढे ह्याच बेकरने 'अनोरा' (2024) फिल्मवर घेतला, ह्यावरून फोन हे त्याचे व्रत नव्हते, निवड होती, हे दिसते.

आकडे कसे फसवतात ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे 2013 साली आलेला ब्लॅकमॅजिकचा खिशात मावणारा कॅमेरा. किंमत 995 डॉलर. पत्रक वाचले तर तो कोणी घेणार नाही: 'फोर-के' नाही, सेकंदाला साठ चित्रे नाहीत, बॅटरी तासभरही धड टिकत नाही. परंतु प्रत्येक रंगाच्या त्याच्या छटा 1,024, म्हणजे चौपट. आणि उजेड-अंधाराचा जो पल्ला तो पेलतो, तो कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे 13 पायऱ्यांचा, दर पायरीला उजेड दुप्पट. परिणामी खिडकीजवळ बसलेल्या माणसाचा चेहराही दिसतो आणि खिडकीबाहेरचे आभाळही उरते. ठिपके मोजणाराला तो हलका वाटला. चेहरे पाहणाराला तो भारी पडला.

उलट उदाहरण 'द क्रिएटर' (2023) ह्या चित्रपटाचे. तो सोनीच्या 'एफएक्स-3'वर घेतला. बाजारात आला तेव्हा ह्या कॅमेऱ्याची किंमत चार हजार डॉलरच्या आत होती. ही बातमी वाचून पुष्कळ पोरांना वाटले, आता आपणही तसेच चित्र काढू. पण त्या चित्रपटाचा एकूण खर्च 8 कोटी डॉलर होता! हलका, अंधारात पाहू शकणारा कॅमेरा त्यांनी सोयीसाठी निवडला. चित्र घडवले ते भिंगांनी, प्रकाशयोजनेने आणि मागाहून काम करणाऱ्या शेकडो हातांनी.

तर मग घरच्यांनी काय करावे? ह्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. विम्याची पॉलिसी गहाण टाकून दादासाहेब फाळके 1912 साली लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. आल्यावर त्यांनी लगेच 'राजा हरिश्चंद्र' सुरू केला नाही. आधी वाटाण्याच्या दाण्याला कोंब फुटून रोप वाढते ते एकेक चित्र घेऊन टिपले, आणि ते पाहून पैसेवाल्याचा विश्वास बसला. म्हणजे आधी परीक्षा, मग चित्रपट. सरस्वतीबाईंचे दागिनेही ह्या धंद्यात गहाण पडले. पण त्या बाईंनी पत्रक वाचून ते दिले नव्हते.

तशीच परीक्षा ह्या दिवाळीत घरच्या घरी घेता येईल. दोन-तीन कॅमेरे भाड्याने किंवा ओळखीतून मिळवावेत. तिन्हीसांजेला पणतीशेजारी आजीला बसवावे: ज्योत नुसता पांढरा डाग होते की तिचा पिवळा रंग उरतो, आणि आजीच्या सुरकुत्या दिसतात की त्यांवर रवा सांडतो, ते पाहावे. भर दुपारी खिडकीत कोणाला तरी उभे करावे. बारीक रेघांची साडी नेसून आईने अंगणातून चालावे. गजांच्या खिडकीवरून कॅमेरा झरकन फिरवावा. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकले तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी त्याची झडप सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर आणून पाहावी; आपली वीज 50 आवर्तनांची आहे. आणि हे सारे कॅमेऱ्याच्या चिमुकल्या काचेवर न पाहता मोठ्या टीव्हीवर, सर्वांनी मिळून पाहावे.

त्यानंतर त्या पोराला एकच प्रश्न विचारावा: "तुझी गोष्ट दिवसाची की रात्रीची? घरातली की रस्त्यावरची?" ह्याचे उत्तर त्याच्यापाशी असेल, तर कोणता कॅमेरा घ्यायचा हे त्या टीव्हीवरच्या चित्रांतून कळून येईल, आणि बेतलेल्या रकमेतले निम्मे मायक्रोफोनसाठी व दोन दिव्यांसाठी राखून ठेवता येतील. उत्तर नसेल, तर घरातला फोन त्याच्या हाती द्यावा आणि आधी गोष्ट शोधायला सांगावे. पैसे पुढच्या दिवाळीपर्यंत बँकेत सुखाने राहतील.