उद्यांच्या जगाची नांदी

नाटकाच्या आरंभीं नांदी कां असावी, याविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ज्या नांदीशीं घराघरांतील मुलांचा नित्य संबंध येतो, तिच्याकडे टीकाकारांचें लक्ष क्वचितच जातें. दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या प्रारंभीं जें मिनिटभराचें चित्र व गाणें लागतें, तें म्हणजे चहाचा पेला घेऊन येण्यापुरती सवड, असें मोठीं माणसें समजतात. मुलाचें तसें नसतें. मालिकेंतील एखादी गोष्ट तें एकदां पाहतें, फार तर दोनदां. नांदी मात्र प्रत्येक भागाबरोबर पाहतें, आणि तोंडपाठ करतें. तेव्हां गोष्टीपेक्षां नांदीचाच ठसा त्याच्या मनावर अधिक खोल उमटतो, असें म्हणण्यास हरकत नसावी.

ह्या दृष्टीनें आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती ‘द जेट्सन्स’ ह्या अमेरिकन ॲनिमेशन मालिकेची नांदी. २३ सप्टेंबर १९६२ रोजीं एबीसी वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत जॉन ग्लेन यांनीं यानांतून पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या होत्या, आणि सिॲटल शहरीं जागतिक प्रदर्शनासाठीं ‘स्पेस नीडल’ हा मनोरा उभा राहिला होता. बारीक दांड्यावर बशी ठेवावी तसा त्याचा आकार. मालिकेंतील सगळें शहर जणूं अशाच मनोऱ्यांचें वसलेलें आहे. रविवारीं सायंकाळीं सर्व कुटुंबानें एकत्र पाहावी म्हणून काढलेली ही मालिका २४ भागांनंतर बंद पडली. पण तेच भाग पुढें कित्येक वर्षें शनिवारीं सकाळीं फिरून फिरून दाखविले गेले, आणि मोठ्यांनीं टाकलेली मालिका मुलांनीं आपलीशी केली.

नांदींत घडतें तें इतकेंच. तारे-ग्रहांच्या पसाऱ्यांतून कांचेच्या घुमटाची एक उडती मोटार येते. तींत जॉर्ज जेट्सन, त्याची बायको जेन आणि दोन मुलें बसलेलीं आहेत. धाकटा एलरॉय एका लहानशा डबींत बसून खालीं आपल्या शाळेकडे सुटतो. ह्या शाळेला ध्रुवमत्स्याचें इंग्रजी नांव दिलें आहे, ही गंमत मोठ्यांसाठीं. त्याच्यामागून थोरली ज्यूडी तशाच डबींतून, आणि तिच्यामागून जेन बाजाराकडे जाते. शेवटीं जॉर्ज कचेरीपाशीं उतरतो, त्याची मोटार घड्या पडत पडत हातांतली बॅग होते, आणि सरकता रस्ता त्याला थेट त्याच्या मेजापाशीं नेऊन सोडतो. हॉइट कर्टिन यांच्या संगीतांत पितळी वाद्यांचा नुसता कल्लोळ आहे. गाण्यांत कवित्व असें नाहींच. चार माणसांचीं नांवें आणि नातीं, एवढेंच त्याचें भांडवल. तरीही त्या मिनिटभरांत घर, शाळा, बाजार, कचेरी आणि प्रवास, सगळें जग उभें राहतें. नवख्या प्रेक्षकाला मग वेगळें कांहीं सांगावें लागत नाहीं.

हें कौशल्य गरजेंतून आलेलें आहे. विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांनीं एमजीएममध्यें ‘टॉम अँड जेरी’चे पट काढले, तेव्हां पैसा व वेळ दोन्ही मुबलक होतीं. १९५७ सालीं तो विभाग बंद झाला आणि ते दूरचित्रवाणीकडे वळले. चित्रपटाच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. दर आठवड्याला अर्ध्या तासाची मजकूर-सामग्री तयार करावयाची तर प्रत्येक चौकटीला नवें चित्र काढणें अशक्यच. म्हणून धड स्थिर ठेवावें, तोंड किंवा हात तेवढा हलवावा, मागचा देखावा तोच तोच सरकवावा, अशी काटकसरीची पद्धत त्यांनीं रूढ केली. मालिकेच्या गोष्टींत ही काटकसर डोळ्यांना जाणवते. नांदींत ती जाणवत नाहीं, आणि आमच्या मतें ह्यांतच तिचें यश आहे. एक तर जें चित्र दर आठवड्यास पुन्हा वापरावयाचें त्यावर श्रम अधिक खर्चितां येतात. दुसरें असें कीं डबी सुटण्याची तीच क्रिया येथें तीनदां होते, आणि तिसऱ्यांदां ती होण्याची मूल वाट पाहूं लागतें. गरिबीची पुनरुक्ति येथें ताल बनली आहे.

आतां आमची तक्रार. जेनला उतरावयाचें असतें तेव्हां जॉर्ज पाकिटांतून एक नोट काढून तिच्यापुढें धरतो. ती नोट त्याच्या हातांत तशीच राहूं देते आणि पाकीटच घेऊन जाते. विनोद म्हणून ही जागा अचूक साधली आहे, हें कबूल केलेंच पाहिजे. परंतु मोटारीला पंखही न लावतां जे तिला आकाशांत उडवूं शकले, त्यांना गृहिणीच्या हातीं तिचें स्वतःचें पाकीट देण्याची कल्पना सुचली नाहीं. ह्याच मंडळींनीं १९६० सालीं ‘द फ्लिंटस्टोन्स’मध्यें अमेरिकन उपनगरांतला संसार अश्मयुगांत नेऊन ठेवला होता, येथें तोच संसार त्यांनीं अंतराळांत नेला. यंत्रें सगळीं बदललीं, माणसांमाणसांतलें एकही नातें जागचें हललें नाहीं.

हा सारा आपल्याच काळाचा उपहास आहे, असें यावर कोणी म्हणेल, आणि मोठ्यांच्या बाबतींत तें खरेंही असेल. उपहास समजावयाला मात्र काय उपहासिलें जात आहे हें आधीं ठाऊक असावें लागतें. आठ वर्षांच्या मुलीला १९६२ चें उपनगर कोठून माहीत असणार? तिला तो उद्यांचा खराखुरा नकाशाच वाटतो, आणि त्या नकाशांत तिच्या आईला बाजारावांचून दुसरें ठिकाण नाहीं.

निराळ्या वाटेनें जातां आलें असतें, याला पुरावा आहे. १ जानेवारी १९६३ रोजीं जपानांत ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ सुरू झाली. काटकसर तेथेंही होती, किंबहुना अधिकच. पण तिच्या नांदींत यंत्रमानव असलेला तो मुलगा स्वतः उडतो. जेट्सनांची मुलें आपापल्या जागीं पोंचविलीं जातात. त्यांच्याकडून कांहीं करण्याची अपेक्षाच नाहीं. आतोमु मेलेल्या मुलाच्या जागीं घडविलेला आणि नंतर टाकून दिलेला, ही त्याची कथा ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या उड्डाणांतला एकटेपणाही जाणवतो.

तरीही जेट्सनांच्या निर्मात्यांना शंका शिवलीच नव्हती, असें म्हणतां येणार नाहीं. मालिकेच्या शेवटच्या नामावळींत जॉर्ज घरीं परततो आणि ॲस्ट्रो ह्या कुत्र्याला फिरावयास नेण्यासाठीं सरकत्या पट्ट्यावर उतरतो. मध्येंच एक मांजर उडी घेतें, कुत्रा त्यामागें लागतो, पट्टा बेफाम होतो. कुत्रा आणि मांजर सुखरूप बाजूला बसून पाहत राहतात आणि जॉर्ज त्या पट्ट्यावर गरगर फिरत बायकोला हांका मारीत असतो. सकाळीं ज्या यंत्रांनीं त्याला अलगद खुर्चीपाशीं नेलें, त्यांतलेंच एक सायंकाळीं त्याला सोडीत नाहीं. आमच्या मतें सबंध मालिकेंतील सर्वांत प्रामाणिक जागा ही आहे. दुर्दैवानें शेवटच्या नामावळ्या आकसून पुढील कार्यक्रमाची जाहिरात करण्याचा प्रघात पुढें पुष्कळ वाहिन्यांवर पडला; त्यामुळें पाकिटाचा विनोद ज्यांना पाठ आहे, त्यांतल्या कित्येकांनीं हा पट्टा धड पाहिलेलाही नसेल.