हवा मोजायचं मशीन घेताय? आधी त्याचा काटा तपासा

गळीत हंगाम सुरू झाला की दोन गोष्टी हमखास होतात. गच्चीवर वाळत टाकलेल्या कपड्यांवर काळी काजळी पडते, आणि कुणीतरी मला एखाद्या एअर क्वालिटी मॉनिटरची लिंक पाठवून विचारतं, ‘हे घेऊ का?’ कोल्हापुरात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत धुराला तोटा नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड जळत असतं, कारखान्यांचे बॉयलर बगॅसवर चालतात, तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवलं जातं. कधी तोडणीआधीच फड पेटतो आणि तो ऊस ‘जळीत’ म्हणून कारखान्याला जातो. त्यात हिवाळ्यातली पहाट. जमिनीलगतची थंड हवा वर सरकत नाही, आणि पंचगंगेकाठच्या गावांत धूर आणि धुकं एकमेकांत मिसळून उन्हं वर येईपर्यंत बसून राहतात. घरात दमेकरी आजी असेल तर ‘हे घेऊ का’ हा प्रश्न हौसेचा उरत नाही.

इथे मी कुठल्या एका मॉडेलचं परीक्षण करणार नाही. परीक्षण करायचंय ते आपण ही मशीनं ज्या पद्धतीने निवडतो त्या पद्धतीचं. खरेदीचे सल्ले देणारे व्हिडिओ बघा. स्क्रीन कशी आहे, बॅटरी किती तास चालते, अॅप मराठीत आहे का, एका डब्यात किती गोष्टी मोजल्या जातात, किंमत किती. स्क्रीनवर येणारा आकडा कुठून येतो, हा प्रश्न शंभरातल्या नव्वद व्हिडिओंत येतच नाही. तुम्ही उद्या संशोधनाला लागणार आहात. पीईटीचा अभ्यास करताना ‘एरर’, ‘प्रिसिजन’, ‘अॅक्युरसी’ पाठ केलेलं असतं, पण खिशातून पैसे देताना ते कुणाला आठवत नाही.

तर आकडा कुठून येतो? आत एक छोटा पंखा असतो, तो हवा ओढतो. त्या हवेवर लेझरचा किरण पडतो, कणांवरून प्रकाश विखुरतो आणि समोरचा डिटेक्टर तो टिपतो. बस्स. वजन कुठेच होत नाही. प्रकाशाच्या चमकेवरून कणाच्या आकाराचा अंदाज, आकारावरून आकारमानाचा अंदाज, मग घनता गृहीत धरून वजनाचा अंदाज, आणि शेवटी स्क्रीनवर ‘पीएम २.५ : ८७ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर’. याउलट प्रमाण मानलेल्या पद्धतीत ठरावीक हवा २४ तास फिल्टरमधून ओढतात आणि फिल्टरचं आधीचं-नंतरचं वजन तराजूवर घेतात. घरातलं मशीन म्हणजे रस्त्याने चाललेली उसाची ट्रॉली लांबून बघून टन सांगणारा माणूस. अनुभवी असेल तर बरोबरही सांगेल. पण ऊस वाळका निघाला, किंवा बांधणी सैल असली, की त्याचा अंदाज चुकलाच.

आता खोक्यावरची ‘अचूकता अधिक-उणे १० टक्के’ ही ओळ घ्या. स्वस्त मशीनमध्ये खूपदा प्लँटॉवर या चिनी कंपनीचा पीएमएस ५००३ किंवा त्याच्याच घराण्यातला सेन्सर असतो. त्याची मूळ डेटाशीट उघडा. तिथे १०० ते ५०० मायक्रोग्रॅमच्या टप्प्यात अधिक-उणे १० टक्के आणि शंभरच्या खाली अधिक-उणे १० मायक्रोग्रॅम असं लिहिलंय खरं, पण त्या ओळीचं नाव आहे ‘कन्सिस्टन्सी एरर’. म्हणजे एकसारखे दोन सेन्सर शेजारी ठेवले तर त्यांचे आकडे एकमेकांशी किती जुळतील, एवढंच. खऱ्या वजनाशी किती जुळतील, हे ती ओळ सांगत नाही.

ऊसपट्ट्यात हा फरक कुणाला समजावून सांगायला लागू नये. काटामारीची ओरड आपण दर हंगामात ऐकतो. समजा एकाच वर्कशॉपमध्ये दहा वजनकाटे तयार झाले आणि सगळेच दर ट्रॉलीमागे दोन टन कमी दाखवतात. त्यांचे आकडे एकमेकांशी झकास जुळतील. शेतकरी म्हणूनच ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर घालून वजनाची पावती घेतो, मग कारखान्याच्या काट्यावर जातो. संशोधनाच्या भाषेत याला ‘कोलोकेशन’ म्हणतात: तपासायचं यंत्र प्रमाण यंत्राच्या शेजारी ठेवून दोघांचे आकडे ताडून बघणे. ‘कन्सिस्टन्सी’ला ‘अचूकता’ म्हणून विकणं मला सरळ फसवणूक वाटते. अज्ञानातून होत असेल तरीही.

आणखी एक गंमत. हाच सेन्सर पीएम २.५ चे आकडे दोन रकान्यांत देतो, एक ‘सीएफ १’ आणि दुसरा ‘अॅटमॉस्फेरिक’. हवा स्वच्छ असताना दोन्ही सारखे असतात. धूर वाढला की फाकत जातात, आणि दाट धुरात दुसरा पहिल्याच्या साधारण दोन-तृतीयांशावर येतो. मशीन बनवणाऱ्याने स्क्रीनवर कुठला रकाना जोडलाय हे खोक्यावर लिहिलेलं मला तरी क्वचितच सापडलंय. म्हणजे शेजारच्याचं मशीन १५० दाखवतंय आणि तुमचं १००, तर आतला सेन्सर तोच असू शकतो, राव.

धुरात नेमकं काय होतं हे अमेरिकेत नीट तपासलं गेलंय, कारण तिकडे वणव्यांचा हंगाम असतो. पर्पलएअर नावाच्या मशीनमध्ये प्लँटॉवरचेच सेन्सर असतात. ही मशीनं अनेकांनी घराबाहेर टांगली होती. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या संशोधकांनी १६ राज्यांतले आकडे प्रमाण यंत्रांशी ताडून २०२१ मध्ये एक दुरुस्ती-सूत्र प्रसिद्ध केलं. सीएफ १ च्या आकड्याला ०.५२४ ने गुणा, डब्यातल्या सापेक्ष आर्द्रतेला ०.०८६२ ने गुणून ते वजा करा, आणि ५.७५ मिळवा. करून बघा. मशीन म्हणतंय १००, आर्द्रता ८० टक्के. उत्तर येतं सुमारे ५१. आपल्याकडच्या वर्गवारीत पीएम २.५ चं दिवसभराचं प्रमाण १०० असेल तर हवा ‘वाईट’, ५१ असेल तर ‘समाधानकारक’.

या सूत्रात आर्द्रतेचा वाटा दिसतो पण मोठा नाही. आर्द्रता ४० टक्के धरली तरी उत्तर ५५ च्या आसपासच येतं. आकडा निम्मा होतो तो त्या ०.५२४ मुळे, म्हणजे मुळातल्या अंदाजातल्या चुकीमुळे. तरीही पहाटेच्या धुक्याकडे दुर्लक्ष करू नका. हवेतल्या क्षारांचे कण दमट हवेत पाणी शोषून फुगतात, फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, आणि प्रत्यक्ष धुक्याचे थेंब आत शिरले तर मशीन त्यांनाही प्रदूषण समजतं. प्रमाण पद्धतीत फिल्टर ठरावीक आर्द्रतेला ठेवून मगच त्याचं वजन करतात.

मग सगळे आकडे सरसकट निम्मे करायचे का? इथेच खरी अडचण आहे. ते सूत्र तिकडच्या हवेचं आहे. शिवाय कोल्हापूरची हवा म्हणजे नुसता धूर नाही, उखडलेल्या रस्त्यांची धूळही आहे, आणि धुळीच्या बाबतीत हे सेन्सर उलटी चूक करतात. मोठे कण त्यांना नीट दिसतच नाहीत. स्क्रीनवरचा ‘पीएम १०’ हा आकडा बहुतेक वेळा बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. म्हणजे डिसेंबरच्या पहाटे धुरात मशीन जास्त सांगणार आणि मार्चच्या दुपारी धुळीत तेच मशीन कमी सांगणार. आणि ती गच्चीवरची काजळी? तिचे तुकडे डोळ्यांना दिसतात इतके मोठे असतात. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे कण. काजळी पडली त्या दिवशी आकडा कमी दिसला तर मशीन बिघडलं असं समजू नका, आणि कपडे स्वच्छ राहिले म्हणून हवा स्वच्छ आहे असंही समजू नका.

एक्यूआयबद्दल थोडक्यात. पीएम २.५ ५५ मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय मोजपट्टीवर एक्यूआय येतो सुमारे ९२, ‘समाधानकारक’. अमेरिकन मोजपट्टीवर तोच १४९, म्हणजे संवेदनशील लोकांसाठी अपायकारक. हवा एकच. परदेशी मशीन गुपचूप अमेरिकन पट्टी लावतं आणि आपण त्याची तुलना ‘समीर’ अॅपवरच्या आकड्याशी करत बसतो. वर भारतीय एक्यूआयमध्ये पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी धरतात, आणि मशीन या क्षणाचा आकडा दाखवतं. फोडणी दिली की ३०० होणारच. एक्यूआय बाजूला ठेवा, मायक्रोग्रॅम बघा. २४ तासांसाठी भारतीय मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५.

‘सेव्हन इन वन’ वाल्यांना माझा नमस्कार. स्वस्त डब्यातला कार्बन डायऑक्साइडचा आकडा अनेकदा मोजलेला नसतोच. बाष्पनशील रसायनांच्या सेन्सरवरून तो काढलेला असतो. ‘एनडीआयआर’ असं लिहिलेलं नसेल तर जरा शंका घ्या. फॉर्मल्डिहाइडचा सेन्सर सॅनिटायझरलाही दचकतो. आणि जो वायू खरोखर जीव घेतो, बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे साठणारा कार्बन मोनॉक्साइड, तो या डब्यांत बहुधा नसतोच. त्याचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो.

रिव्ह्यूमध्ये ‘आर-स्क्वेअर ०.९५’ वाचून भारावून जाणाऱ्यांसाठी: प्रत्येक आकडा बरोबर दुप्पट सांगणाऱ्या मशीनचाही आर-स्क्वेअर १ येतो. दोन आकडे सोबतीने चढतात-उतरतात का, एवढंच तो सांगतो. कॅलिफोर्नियातली एक्यू-स्पेक ही सरकारी प्रयोगशाळा २०१४ पासून असे सेन्सर तपासून अहवाल मोफत प्रसिद्ध करते. त्यात आर-स्क्वेअरच्या शेजारचा चुकीचा रकाना वाचायची सवय लावून घ्या. आपल्याकडे नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ दरम्यान आयआयटी कानपूर आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मुंबई परिसरात १५ ठिकाणी भारतीय कंपन्यांचे ४० सेन्सर सरकारी यंत्रांशेजारी ठेवून तपासले. काम योग्य दिशेचं आहे. पण मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत बसवलेली दुरुस्ती चिपाडाच्या धुरात तशीच लागू पडेल, असं गृहीत धरता येत नाही.

एवढं सगळं वाचून ‘मग घेऊच नको’ असं वाटलं असेल, तर तसं माझं मत नाही. कोल्हापूर २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. इथली शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड ही मापनाची जुनी ठिकाणं. हाताने चालवायच्या अशा केंद्रांवर नियमाप्रमाणे आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ नोंदी घेतात. वर्षाची सरासरी काढायला त्या उत्तम, वजन करून घेतलेल्या. पण तुमच्या गल्लीत धूर पहाटे साडेचारला येतो की रात्री नऊला, हे त्या सांगू शकत नाहीत. घरातलं मशीन ते सांगतं. ‘किती’ला ते कच्चं आहे, पण ‘कधी’ला बऱ्यापैकी पक्कं आहे. आजीची खिडकी कधी लावायची, फिरायला सहाला जायचं की नऊला, यासाठी ‘कधी’ पुरतं.

म्हणून मी स्वतः असं मशीन निवडेन ज्याच्या माहितीपत्रकात सेन्सरचं नाव स्पष्ट आहे, जे पीएम २.५ मायक्रोग्रॅममध्ये दाखवतं, शेजारी आर्द्रता दाखवतं, आणि मिनिटामिनिटाच्या नोंदी फाइल म्हणून उतरवून देतं. ही शेवटची गोष्ट नसेल तर बाकी कितीही असू दे, मी घेणार नाही. पडद्यावरचा आलेख बघता येतो, पण त्यावर आकडेमोड करता येत नाही. रंगीत स्क्रीन, बॅटरी यांचे पैसे वाचवून मित्राबरोबर दोन सारखी घ्या, आठवडाभर एकाच टेबलावर ठेवा, मग एक आत आणि एक बाहेर. पीएमएस ५००३ च्या डेटाशीटमध्ये आयुष्य तीन वर्षांच्या पुढचं दिलंय, पण आपल्या धुळीत दर हंगामाच्या सुरुवातीला अशी एकत्र तपासणी करावीच.

शेवटी एक नाजूक विषय. मशीन घरात आलं की पहिला फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो: ‘एक्यूआय ३८०, गुऱ्हाळ बंद करा’. गुऱ्हाळवाला विचारणार, तुझा काटा कुणी तपासलाय? आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचं घर त्या काहिलीवर चालतं. तक्रार करायचीच असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे एका फोटोऐवजी पंधरा-वीस दिवसांच्या नोंदी न्या, आणि त्यांत गुऱ्हाळ बंद असलेले दिवसही ठेवा. प्रयोगशाळेत ‘ब्लँक’ घेतो ना, तसेच ते. त्या दिवशीही पहाटे आकडा तितकाच चढत असेल तर धूर दुसरीकडून येतोय. चुलवाण कधी पेटलं, वारा कुठून होता, आज गुऱ्हाळ चालू की बंद, हे तीन रकाने मात्र वहीत रोज हाताने भरायला लागतील.